स्नॅच पण आणि चारशेचे इंटरव्हल पण: एका आठवड्यात दोन्ही कसं बसवायचं

सांगली-मिरजेत नाहीतर साताऱ्यात बार (वजनं लावायची लोखंडी दांडी) उचलून वर पळायलाही जाणाऱ्या कुणालाही विचारा, आठवडा कसा लावलाय, बहुतेक जण एकच सांगतात. सोम-बुध-शुक्र जिम, मंगळ-गुरू-शनि ग्राउंड, रविवारी मटण आणि झोप. कागदावर लय भारी दिसतं, पण पायांच्या बाजूने बघा जरा. सोमवारी फ्रंट स्क्वॉट (बार खांद्यावर पुढे धरून बैठका) मारून मांड्या भरलेल्या, मंगळवारी त्याच मांड्यांवर चारशे मीटरचे सहा राउंड, बुधवारी पोटऱ्या दगड झालेल्या असताना क्लीन (बार जमिनीवरून खांद्यावर), आणि हे असं शनिवारपर्यंत. तीन-चार आठवड्यात बारही वर जाईना आणि टायमिंगही कमी होईना अशी गत होते, मग माणूस म्हणतो दोन्ही एकत्र जमतच नाही, काहीतरी एक सोडा.

जमतं की. माझं म्हणणं एवढंच आहे की कष्टाचं काम एकाच दिवशी बांधायचं, सकाळी बार आणि त्याच दिवशी संध्याकाळी इंटरव्हल (जोरात पळायचं, मध्ये दम खायचा, परत जोरात), आणि दुसऱ्या दिवशी पायांना खरंच मोकळं सोडायचं. रोज थोडं थोडं कष्ट करण्यापेक्षा हे अंगाला सोसतं. खाली सगळं त्याचंच सविस्तर आहे.

आधी हे कुणासाठी ते बघू

वेटलिफ्टिंग म्हणजे इथे ऑलिम्पिकमधलं, स्नॅच (बार जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर). बायसेप-ट्रायसेपवाल्या जिमचं गणित वेगळं असतं. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये ५५ किलो गटात स्नॅच ११३ आणि क्लीन अँड जर्क १३५ असं मिळून २४८ उचलून रौप्य आणलं, सोनं २४९ ला गेलं. एका किलोचा फरक. तुम्ही त्या पातळीवर टोटलसाठी झगडत असाल तर स्पर्धेच्या तोंडावर चारशेचे राउंड तुमच्यासाठी नाहीतच, ऑफ सिझनला दमसास राखण्यापुरते करा आणि सोडा.

पण बाकीचे खूप जण आहेत. पोलीस भरतीची पोरं, ज्यांना १६०० मीटर पण पळायचंय, १०० पण मारायचंय आणि गोळा पण फेकायचाय. पोरींना १६०० च्या जागी ८००. गोळ्यासाठी आणि शंभरच्या स्टार्टसाठी क्लीनसारखा व्यायाम मला तरी दुसरा दिसत नाही. मग सातारा हिल हाफ मॅरेथॉनवाले, ज्यांचे पाय यवतेश्वरच्या घाटात उतरताना बोलायला लागतात. आणि माझ्यासारखे हौशी, ज्यांना दोन्हीचा नाद आहे आणि एकही सोडवत नाही.

एक अट मात्र आहे. रिकामा बार डोक्यावर धरून पूर्ण खाली बसता आलं पाहिजे, टाचा न उचलता. आणि गप्पा मारत अर्धा तास न थांबता जॉगिंग झालं पाहिजे. ह्यातलं एक जरी होत नसेल तर दीड-दोन महिने तेवढंच करा, हा लेख नंतर वाचा. चाळिशीच्या पुढे असाल, बीपी-शुगर असेल किंवा घरात हार्टचा इतिहास असेल तर इंटरव्हलच्या आधी डॉक्टरला दाखवून घ्यायचं.

दोन्हीचं भांडण नेमकं कुठं होतं

ह्यावर पहिला गाजलेला प्रयोग रॉबर्ट हिक्सन ह्या अमेरिकन संशोधकाचा, १९८० चा. त्याने तीन गट केले, एक फक्त ताकदीचा, एक फक्त दमाचा, एक दोन्हीचा. दहा आठवडे. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सुरुवातीला ताकदवाल्यांच्या बरोबरीने वाढली, सात-आठ आठवड्यांपाशी अडकली आणि शेवटच्या दोन आठवड्यात चक्क खाली आली. दम मात्र दमवाल्यांइतकाच वाढला. म्हणजे मार बसतो तो ताकदीला.

लोक हा प्रयोग सांगून घाबरवतात पण एक गोष्ट सांगत नाहीत, की त्या गटाला आठवड्यात पाच दिवस वजनं आणि सहा दिवस पळणं-सायकल असं लावलं होतं, तेही जोरात. एवढं कुणाला झेपणार आहे? मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की मोजून करा आणि मध्ये जागा सोडा.

आणि लिफ्टरच्या बाबतीत ताकदीच्या आधी जाते ती चपळाई. स्क्वॉटचा आकडा तोच असतो, पण स्नॅचमध्ये बार मांडीपाशी आल्यावर जो झटका लागतो तो येत नाही. स्नॅचचा तो सगळा खेळ सेकंदाच्या आत संपतो, तिथे थकलेली पोटरी म्हणजे दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, चढतो, पण त्याच्या मनाने.

आठवडा असा लावा

सोमवार जड दिवस. सकाळी स्नॅच आणि फ्रंट स्क्वॉट, संध्याकाळी इंटरव्हल. मध्ये निदान सहा तास पाहिजेत, त्यात दोन वेळा जेवण आणि जमलं तर दुपारची डुलकी. मंगळवारी काही नाही, चालणं, घोटा आणि कंबर मोकळी करणं, बस. बुधवारी मधला दिवस, हलकं पॉवर स्नॅच (पूर्ण खाली न बसता), जर्क रॅकवरून म्हणजे स्टँडवरून बार घेऊन, थोडं प्रेस आणि रोइंग, जड स्क्वॉट अजिबात नाही. गुरुवारी अर्धा-पाऊण तास संथ जॉगिंग, इतकं संथ की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. शुक्रवार परत जड, सकाळी क्लीन अँड जर्क आणि बॅक स्क्वॉट (बार मानेमागे), संध्याकाळी दुसरे इंटरव्हल. शनिवार सुट्टी. रविवारी तासभर आरामात पळा, साताऱ्यातले असाल तर अजिंक्यतारा चढून या, चालत चढला तरी चालतंय.

मोजलं तर लिफ्टिंग तीन, इंटरव्हल दोन, संथ पळणं दोन. ह्यापेक्षा जास्त घालायचा मोह होतोच. पण तिसरे इंटरव्हल घालू नका. भरतीच्या पोरांचा हा ठरलेला प्रश्न असतो, "सर, मंगळवारी रिकामाच आहे की, चार राउंड मारू का?" नको मारू बाबा, तो रिकामा दिवसच तुझा शुक्रवार चांगला करणार आहे.

नोकरीमुळे दिवसातून एकदाच वेळ मिळत असेल तर एकाच सेशनमध्ये आधी बार, दहा मिनिटं दम खाऊन मग पळणं, आणि पळणं वीस मिनिटांच्या आत आटपायचं. उलटं करू नका. इंटरव्हल मारून आलेल्या पायांवर जड स्नॅच म्हणजे खांदा आणि कोपर दोन्ही गहाण टाकणं. पळणं हेच तुमचं मुख्य ध्येय असेल तर इंटरव्हल ताज्या पायांवर सकाळी घ्या, पण मग संध्याकाळचा बार साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर न्यायचा नाही.

सकाळचा बार

वॉर्मअपला पंधरा मिनिटं द्याच. पुरुषांचा बार २० किलोचा, बायकांचा १५ चा आणि थोडा बारीक. बऱ्याच जिममध्ये एकच बार असतो आणि पोरींनाही तोच देतात. ज्यांचा हात लहान आहे त्यांना त्या जाड बारवर हुक ग्रिप (अंगठा बोटांखाली दाबून धरणं) बसत नाही आणि मग उगाच वाटतं की ताकद कमी पडतीय.

सोमवारी स्नॅच: तुमच्या बेस्टच्या ६० टक्क्यांवर दोन-दोन रेप्सचे दोन सेट, ७० वर दोनचे दोन, ७५ वर दोनचे दोन, मग ८० वर एक-एक असे तीन-चार. मध्ये दोन ते तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, घड्याळ लावून, कारण गप्पांत ती सात मिनिटं होते आणि घाईत पाऊण. त्यानंतर फ्रंट स्क्वॉट ८० टक्क्यांवर तीनचे तीन सेट. संपलं. सव्वा तासाच्या वर सेशन जात असेल तर काहीतरी जास्त घातलंय. शुक्रवारी हीच मांडणी क्लीन अँड जर्कला, फक्त वरचे सिंगल (८० टक्क्यांचे एक-एक) दोन-तीनच ठेवा, जर्क अंगाला जास्त लागतो.

एक गोष्ट मला अजिबात पटत नाही, ती म्हणजे वीस-वीस स्नॅच टायमर लावून मारायचे आणि त्यालाच कार्डिओ म्हणायचं. दम पाहिजे तर पळा, दोरीउड्या मारा, सायकल हाणा. स्नॅचमध्ये तीनच्या वर रेप्स गेले की हात ओढायला लागतात आणि कंबर गोल होते, आणि दमलेल्या अंगाला लागलेली ही सवय ताज्या अंगातही तशीच राहते.

पाय ताजे आहेत की नाही हे ओळखायची सोपी युक्ती. प्लॅटफॉर्मवर उभं राहा, बुटाच्या टोकापुढे खडूने एक रेघ मारा, आणि मोबाईल बाजूने लावून स्नॅच करा. चांगल्या दिवशी पाय रेघेच्या मागेच पडतात, कधी दोन बोटं अजून मागे. पाय थकलेले असले की बार गुडघ्याच्या वर येताच टाच लवकर सुटते, वजन चवड्यावर जातं, बार अंगापासून लांब वळसा घेतो आणि तुम्ही त्याच्या मागे पुढे उडी मारता, बूट सरळ रेघेवर. एकदा झालं तर सोडून द्या. सलग तीनदा झालं तर १० टक्के कमी करा, तरी तेच झालं तर बार ठेवा आणि घरी जा, त्या दिवशी संध्याकाळचं पळणं पण रद्द. सरांना "आज मन लागत नाही" म्हणून सांगण्यापेक्षा ही रेघ दाखवलेली बरी, वाद होत नाही.

बुटांचं एक. मऊ सोलच्या रनिंग शूजमध्ये स्नॅच करू नका, खाली बसताना घोटा डुगडुगतो. लिफ्टिंगच्या बुटाला कडक आणि साधारण दोन सेंटीमीटर उंच टाच असते, महाग पडतात, नाही जमलं तर सपाट कॅनव्हासचे चालतात. आणि लिफ्टिंगचे बूट घालून ग्राउंडवर पळायचं नाही.

संध्याकाळचे इंटरव्हल

इंटरव्हलची शिस्त बसवली जर्मनीत, १९३० च्या दशकात, कोच वोल्डेमार गेर्शलर आणि डॉक्टर हर्बर्ट राइंडेल ह्या जोडीने. त्यांचा रुडॉल्फ हार्बिग १९३९ ला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदात पळाला, त्या काळात लोकांचा विश्वास बसला नसेल. पुढे चारशेचे ढीग मारून एमिल झाटोपेकने १९५२ च्या हेलसिंकीत ५०००, १०००० आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सोनी नेली. आणि त्याच हेलसिंकीत आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य आणलं.

गेर्शलरचा नियम आजही बिनखर्चाचा आणि कामाचा आहे. पळून नाडी १८० च्या आसपास न्यायची, मग ती १२० पर्यंत उतरली की पुढचं. उतरायला ९० सेकंदांपेक्षा जास्त लागत असेल तर तुम्ही जास्त जोरात किंवा जास्त लांब पळताय. मानेवर दोन बोटं ठेवायची, दहा सेकंद मोजायचं, वीस ठोके म्हणजे १२०. वय जास्त असेल तर १८० चा आकडा डोक्यातून काढा, दम किती लागतोय त्यावर जा. छोट्या आणि मध्यम इंटरव्हलला हा नियम बसतो, लांब चार मिनिटांच्याला नाही.

पहिले तीन-चार आठवडे फक्त चढावरचे स्प्रिंट. आठ ते दहा सेकंद, अंगातला सगळा जोर, मग चालत खाली, दोन मिनिटं दम, असे सहापासून सुरू करून दहापर्यंत. लिफ्टरला चढ का, तर चढावर पाय आपटत नाही, वेग कमी राहतो, मागची मांडी ओढली जायची भीती कमी आणि दुसऱ्या दिवशी पाय त्या मानाने मोकळे राहतात. मार बसतो तो उतारावर. साताऱ्यात चढाला तोटा नाही, यवतेश्वरच्या घाटाचा सुरुवातीचा तुकडा किंवा अजिंक्यताऱ्याचा रस्ता, गाड्या वाढायच्या आत. सांगली पडली सपाट. मिरजेकडच्यांना रविवारी दंडोबाचा डोंगर आहे, बाकीच्यांनी रोजच्यासाठी एखादा रॅम्प नाहीतर जिना शोधावा. कृष्णेवरच्या पुलांच्या चढावर काही जण पळतात, रहदारीत ते मला पटत नाही.

पाचव्या आठवड्यापासून सोमवारी चारशे सुरू करा. वेग असा काढायचा: तुमचा १६०० सहा मिनिटांचा असेल तर प्रत्येक चारशे ९० सेकंदांचा झाला, मग इंटरव्हल ८८ ते ९० मध्ये. ७८ मध्ये मारून छाती फुगवायची नाही. चारपासून सुरू, सहावर थांबा. मध्ये दीड ते दोन मिनिटं चालत-जॉग करत. पहिला आणि शेवटचा ह्यात तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला की तिथेच बंद, राहिलेले दोन "भरून काढायचे" नाहीत. शाळेच्या ग्राउंडवर असाल तर राउंड एकदा टेपने मोजून घ्या, घड्याळाचं जीपीएस वळणावर गंडतं आणि मग ३८० मीटरचा चारशे मारून माणूस खूश होतो.

शुक्रवारी चढाचे स्प्रिंटच चालू ठेवा. फक्त हाफ मॅरेथॉनवाल्यांनी सातव्या आठवड्यापासून शुक्रवारी चार मिनिटांचे चार घ्यावेत, मध्ये तीन मिनिटं संथ जॉगिंग. हे जोरात पण हिशोबात, तिसऱ्याच्या शेवटी एखादा शब्द बोलता यावा, वाक्य नाही. हा प्रकार पायांना सगळ्यात जास्त खातो म्हणून आठवड्यातून एकदाच. आणि हिल मॅरेथॉन करणार असाल तर उताराची सवय वेगळी लावावी लागते, परतीचा घाट मांड्या मोडतो. ती रविवारच्या पळण्यात, सुरुवातीला एक-दीड किलोमीटर उतार, तोही दबकत.

खुराक, ऊन, पाऊस

तालमीत पैलवानाला आधी खुराक विचारतात आणि मग डाव, ते बरोबरच आहे. कष्टाच्या दिवशी भाकरी-भात कमी करायचा नाही. कार्ब बंद करून इंटरव्हल मारणाऱ्यांचा चौथा राउंड बघण्यासारखा असतो. सकाळी बारच्या आधी केळं नाहीतर गूळ-शेंगदाणे, नंतर पोटभर नाश्ता, दुपारी व्यवस्थित जेवण, आणि पळण्याच्या आधी जेवणापासून तीन तास सोडायचे नाहीतर पोटात कळ ठरलेली.

प्रोटीन किलोमागे १.६ ते २ ग्रॅम धरा. ७० किलोच्या माणसाला साधारण ११० ते १४०. सहा अंडी म्हणजे ३६ च्या आसपास, अर्धा लिटर दूध १६, पन्नास ग्रॅम सुकं सोयाबीन वडी २५, मूठभर शेंगदाणे ७-८, वर आमटी, मटकीची उसळ, भाकरीतलं मिळून तीस-एक सहज. झालं की ११०-११५, डब्यातली पावडर लागलीच नाही. चिकन खात असाल तर अजून सोपं.

एप्रिल-मे मध्ये सांगलीत संध्याकाळी सहालाही रस्ता तापलेला असतो. तेव्हा उलटं करा, पहाटे पळा आणि बार संध्याकाळी, पण दोन्ही जड नको, त्या दोन महिन्यात चारशे बंद आणि पहाटेचे छोटे स्प्रिंट फक्त, म्हणजे संध्याकाळच्या बारला पाय उरतात. पाण्यात मीठ-साखर-लिंबू. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या घाटात धुकं आणि शेवाळ, तिथे स्प्रिंट मारू नका, जिन्यावर नाहीतर दोरीवर करा, तीस सेकंद जोरात, तीस सेकंद सावकाश, दहा-बारा वेळा. कृष्णेला पाणी वाढलं की ग्राउंडं आठवडा-आठवडा चिखलात असतात, तेव्हाही हेच.

कधी कमी करायचं

दर चौथ्या आठवड्यात इंटरव्हल निम्मे, बारवर वजन तेच पण सेट निम्मे. बरं वाटत असलं तरी. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायची सवय लावा, नेहमीपेक्षा सात-आठने जास्त दोन दिवस लागोपाठ आली तर जड दिवस पुढे ढकला. नडगीच्या आतल्या बाजूला दुखत असेल, ज्याला भरतीवाले शिन पेन म्हणतात, तर पळणं बंद करून सायकल, आणि बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी जीव जात असेल तर हाडाच्या डॉक्टरकडे, बाम चोळत बसू नका. टाचेच्या वरची शीर सकाळी आखडत असेल तर चढाचे स्प्रिंट आधी थांबवा, स्क्वॉट नंतर बघू. छातीत दुखलं, चक्कर आली तर त्याच मिनिटाला थांबायचं आणि थेट दवाखाना.

तारीख जवळ आली की

लिफ्टिंगची स्पर्धा असेल तर शेवटचे जोरातले इंटरव्हल दहा-बारा दिवस आधी, त्यानंतर फक्त संथ वीस मिनिटं आणि शेवटचे तीन दिवस तेही नाही. वजन गटात बसायला म्हणून आदल्या दिवशी स्वेटर घालून पळणारे असतात, ते पाय प्लॅटफॉर्मवर घेऊन जायचेत हे विसरतात. भरतीची तारीख असेल तर जड स्क्वॉट सात-आठ दिवस आधी बंद, चारशेचे शेवटचे तीन-चार राउंड पाच दिवस आधी, आणि दोन-तीन दिवस आधी ५०-६० टक्क्यांवर पॉवर स्नॅचचे तीन-चार सेट दोन-दोनचे, फक्त अंग जागं ठेवायला. भरतीची तारीख पुढे गेली, आणि ती जातेच, तर लगेच चारशेवर उड्या मारू नका. एक आठवडा निम्म्याने करा आणि परत सोमवारपासून पहिला आठवडा धरा.